रिकाम्या गॅलऱ्यांचा हंगाम : अमेरिकी कॉलेज बास्केटबॉल, २०२०-२१

[पडद्यावर : न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, १२ मार्च २०२०]

बिग ईस्ट कॉन्फरन्सच्या, म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एका गटाच्या स्पर्धेत क्रेटन आणि सेंट जॉन्स यांचा सामना मध्यंतरापर्यंत आला आणि कोरोनाच्या साथीमुळे तिथेच थांबवला गेला. उत्तरार्ध झालाच नाही. त्याच दिवशी एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, पुरुष आणि महिला, दोन्ही गटांच्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या. १९३९ पासून दरवर्षी होत आलेली पुरुषांची स्पर्धा पहिल्यांदाच झाली नाही. त्या वर्षी सदस्य संस्थांना वाटायचे होते ६० कोटी डॉलर. प्रत्यक्षात वाटले गेले साडेबावीस कोटी. पुढचा हंगाम कसाही करून खेळवायचाच, हे ठरण्यामागे टीव्हीच्या करारातला हा पैसा होता.

२५ नोव्हेंबर २०२०. दोन आठवडे उशिरा हंगाम सुरू झाला. हार्वर्ड, येलसारख्या विद्यापीठांच्या आयव्ही लीग या कॉन्फरन्सने खेळायचंच नाही असं ठरवलं. बाकीच्यांसाठी नियम असा : खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांच्या सतत जवळ असणारी माणसं, सगळ्यांची आठवड्यातून तीनदा कोरोना चाचणी, तीही सलग दिवशी नाही. राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र व्हायला किमान १३ सामने. आणि गॅलऱ्या? काही राज्यांत थोड्या प्रेक्षकांना परवानगी, बऱ्याच ठिकाणी पूर्ण कुलूप.

[पडद्यावर : ड्यूक विद्यापीठ, कॅमरन इनडोअर स्टेडियम]

इथे ९,३१४ माणसं बसतात. विद्यार्थी कोर्टाच्या रेषेला अगदी खेटून उभे असतात. बाजूने चेंडू आत टाकणाऱ्या पाहुण्या खेळाडूच्या पाठीशी त्यांचे हात नाचत असतात. फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर कुणी न अडवता मिळणाऱ्या शॉटची रेषा बोर्डापासून १५ फुटांवर. बोर्ड पारदर्शक, त्यामुळे नेम धरणाऱ्याला रिंगमागची हलणारी गर्दी दिसत राहते. त्या हंगामात मागे दिसत होत्या फक्त रिकाम्या जागा.

पण डोळ्यांपेक्षा कानांचा फरक मोठा होता, आणि त्याची चर्चा मात्र कमीच झाली.

बचाव हे बोलण्याचं काम आहे. चेंडू असलेल्या गड्यावर नजर ठेवणाऱ्या बचावपटूला पाठीमागून येणारी स्क्रीन, म्हणजे वाट अडवून उभा राहिलेला प्रतिस्पर्धी, दिसत नाही. रिंगजवळचा उंच खेळाडू ओरडून सांगतो : डावीकडे! गच्च भरलेल्या हॉलमध्ये ही हाक पोचत नाही. बचावपटू स्क्रीनवर आदळतो, क्षणभर मागे पडतो आणि समोरच्याला मोकळा शॉट मिळतो. पाहुण्या संघाचं हे नेहमीचं दुखणं रिकाम्या हॉलमध्ये गेलं. पण उलटी अडचणही आली. प्रशिक्षकाने चालीचं नाव पुकारलं की ते समोरच्या बेंचलाही स्वच्छ ऐकू जायचं, आणि बचाव चाल सुरू होण्याआधीच जागेवर यायचा. अशा वेळी हाताच्या खुणाच कामाला येतात.

आणखी एक गोष्ट. यजमान संघाने लागोपाठ आठ-दहा गुण मिळवले की हॉल उसळतो, आणि पाहुणा प्रशिक्षक तो आवाज तोडायला टाइमआउट खर्च करतो. आता तोडायला आवाजच नव्हता. संघाला चेतवायचं काम बेंचवरच्या राखीव खेळाडूंवर आलं, आणि तेही अंतर राखून मांडलेल्या खुर्च्यांवरून.

पंचांच्या शिट्टीवरही गर्दीचं दडपण असतं. युरोपात प्रेक्षकांविना झालेल्या फुटबॉल सामन्यांच्या अभ्यासांत पाहुण्या संघांना मिळणाऱ्या पिवळ्या कार्डांचं प्रमाण घटलेलं दिसलं. तरी घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे निव्वळ गर्दी, असं समजणं चूक ठरेल. प्रवासाचा थकवा, परकी रिंग, परकं हॉटेल हे सगळं रिकाम्या हॉलमध्येही शिल्लक होतंच.

ड्यूक त्या वर्षी १३ सामने जिंकला, ११ हरला आणि १९९५ नंतर पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला. केंटकी विद्यापीठ ९ जिंकलं, १६ हरलं. दोन्हींचा दोष रिकाम्या गॅलऱ्यांना देता येणार नाही. दोन्ही संघ नवख्या खेळाडूंवर उभे होते, आणि नवख्यांना घडवणारा उन्हाळी सराव नेहमीसारखा झाला नव्हता.

[पडद्यावर : मानांकनाचा तक्ता]

खरा गोंधळ झाला हिशेबात. राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडणारी समिती विजयांची प्रत चार गटांत मोजते. पहिल्या गटातला विजय हवा असेल तर घरी राष्ट्रीय क्रमवारीतल्या पहिल्या ३० मधल्या संघाला हरवावं लागतं, तटस्थ ठिकाणी पहिल्या ५० मधल्या, आणि परक्या मैदानावर पहिल्या ७५ मधल्या संघाला हरवलं तरी चालतं. परकं मैदान अवघड, हे त्यात गृहीतच आहे. गर्दी गेली, पण कोष्टक तेच राहिलं.

त्यात कॉन्फरन्सबाहेरचे सामने कमी झाले. ५ डिसेंबरचा गोन्झागा-बेलर सामना सुरू व्हायला दीडेक तास असताना रद्द झाला. वेगवेगळ्या कॉन्फरन्सचे संघ एकमेकांशी भिडलेच नाहीत, तर कोणती कॉन्फरन्स किती ताकदीची हे कळणार कसं? बिग टेन कॉन्फरन्सचे नऊ संघ निवडले गेले, त्यांतला फक्त मिशिगन शेवटच्या आठांत पोचला. पॅक-१२ कॉन्फरन्सचे पाच निवडले गेले, त्यांतले तीन शेवटच्या आठांत होते. त्यातला ओरेगॉन स्टेट तर आपल्या विभागात बारावा मानांकित.

[पडद्यावर : इंडियानापोलिस, मार्च २०२१]

राष्ट्रीय स्पर्धेचे ६८ संघ, एकच राज्य : इंडियाना. संघाची तुकडी ३४ जणांची. निघण्याआधी सलग सात दिवस निगेटिव्ह चाचण्या. पोचल्यावर प्रत्येकाला स्वतंत्र खोली, आणि लागोपाठ दोन चाचण्या निगेटिव्ह आल्याशिवाय सराव नाही. हॉटेलांतून झाकलेल्या पादचारी पुलांनी थेट कन्व्हेन्शन सेंटरमध्ये जायचं, सरावाची कोर्ट तिथेच मांडलेली. अंगावर अंतर मोजणारं छोटं यंत्र. त्याचा उपयोग असा, की एखादा पॉझिटिव्ह निघाला तर कोण किती वेळ त्याच्या जवळ होतं ते नोंदीतून कळतं आणि अख्खा संघ विलगीकरणात टाकावा लागत नाही. पाच खेळाडू उभे करता आले, तर संघ खेळू शकत होता.

लुकास ऑइल स्टेडियममध्ये दोन कोर्ट बसवली होती, पण एका वेळी सामना एकावरच. प्रेक्षक क्षमतेच्या २५ टक्क्यांपर्यंत.

एवढं करूनही व्हीसीयू (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठ) विरुद्ध ओरेगॉन सामना झालाच नाही. व्हीसीयूच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या आणि ओरेगॉन न खेळताच पुढे गेला. बाकीचे सगळे सामने झाले. ५ एप्रिलला अंतिम सामन्यात बेलरने तोवर अपराजित असलेल्या गोन्झागाला ८६-७० असं हरवलं. फेब्रुवारीत बेलरचा खेळ तीन आठवडे बंद होता, आणि परतल्यावर कॅन्ससने त्यांना हरवलंही होतं.

एक निर्णय मात्र पुढेही परिणाम करत राहिला. हा हंगाम खेळाडूंच्या पात्रतेच्या वर्षांत धरला गेला नाही. चार हंगाम खेळून झालेल्यांना पाचवा मिळाला. रेमी मार्टिन अ‍ॅरिझोना स्टेटकडून चार वर्षं खेळला होता. मिळालेल्या जादा वर्षात तो कॅन्ससकडे गेला. ४ एप्रिल २०२२ रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये कॅन्ससने नॉर्थ कॅरोलायनाला ७२-६९ असं हरवून विजेतेपद मिळवलं. मार्टिनचे १४ गुण, आणि स्टेडियममध्ये जवळपास सत्तर हजार प्रेक्षक.