दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट?

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. लेखाच्या कच्च्या मजकुरात एका वाक्यावर थांबलेला कर्सर.]

‘एसपीएफ (उन्हापासून संरक्षण किती, ते सांगणारा आकडा) ५०चं सनस्क्रीन एसपीएफ ३०पेक्षा जवळपास दुप्पट संरक्षण देतं.’

वाक्य प्रेस नोटमधून जसंच्या तसं उतरलंय. कॉपी बघणारी संपादक अनेक वर्षं कोर्टाच्या बातम्या करत होती. तिने वाक्य खोडलेलं नाही. शेजारी एवढंच लिहिलंय : ‘दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट?’

उत्तर शोधायला वीस मिनिटं लागली. त्वचा भाजणाऱ्या, सूर्याच्या यूव्हीबी (अतिनील) किरणांपैकी एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के अडवतं, एसपीएफ ५० साधारण ९८ टक्के. म्हणजे त्वचेपर्यंत पोचणारे किरण तीन टक्क्यांवरून दोनवर येतात. फरक आहे, पण दुप्पट नाही. शिवाय प्रयोगशाळेत हा आकडा काढताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावतात. घरी आपण बहुतेक जणी त्याच्या निम्मंही लावत नाही. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीपुरता बोलतो. त्वचेत आणखी खोल जाणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी ट्यूबवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’, म्हणजे दोन्ही किरणांपासून संरक्षण, लिहिलंय का, ते बघायचं.

आता लेखात वाक्य असं आहे : ‘आकड्यापेक्षा क्रीम पुरेसं लावणं आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावणं महत्त्वाचं.’ मथळ्याची चमक गेली. वाचणारीच्या हाती मात्र काहीतरी लागलं.

[दृश्य: संपादकीय बैठक. चार-पाच बायका, समोर वह्या, फोन.]

या सगळ्या मुरलेल्या बातमीदार. कुणी गुन्हेगारीची बीट केली, कुणी आरोग्याची, कुणी अर्थसंकल्पाची. आता या सगळ्याजणी मिळून बायकांसाठी ऑनलाइन लाइफस्टाइल मार्गदर्शक चालवतात : त्वचा, केस, कपडे, झोप, पाळी, पैसा. ‘एवढा अनुभव गाठीशी असताना हे हलकंफुलकं कशाला?’ हा प्रश्न त्यांना हमखास ऐकावा लागतो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. अग्रलेख वाचून कुणी त्याच संध्याकाळी स्वतःच्या अंगावर काही करून बघत नाही. केसांच्या रंगावरचा लेख वाचून बघतं. तिथे ‘४८ तास आधी थोडासा रंग लावून अॅलर्जी तपासा’ हे वाक्य गाळलं, तर कुणाच्या तरी टाळूवर फोड येतात.

आणि हे हलकंफुलकं म्हणून बाजूला सारणं जुनंच आहे. अमेरिकी पत्रकार नेली ब्लाय १८८५ साली पिट्सबर्गच्या वृत्तपत्रात आली, कारखान्यांतल्या कामगार मुलींवर लिहू लागली, आणि थोड्याच काळात तिची रवानगी फॅशन आणि बागकामाच्या मजकुराकडे झाली. ती तिथे रमली नाही. १८८७मध्ये न्यूयॉर्कला जाऊन, वेड्याचं सोंग घेऊन ती बायकांच्या मनोरुग्णालयात दहा दिवस राहिली आणि तिथले हाल तिने जगासमोर आणले. पुढे पिढ्यान् पिढ्या हाच समज राहिला, की खरी पत्रकारिता करायची तर बायकांचं पान सोडावं लागतं. या टेबलाभोवतीच्या जणी खरी पत्रकारिता घेऊन त्याच पानावर परत आल्यात.

[दृश्य: जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. कॅमेरा मथळ्यांवरून सरकतो.]

नव्याने रुजू झालेल्या उपसंपादकांना इथे एक घटना सांगतात. ऑक्टोबर १९९५, ब्रिटन. काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा औषध सुरक्षा समितीने दिला. माध्यमांनी ‘दुप्पट’ उचललं. खरे आकडे होते : जुन्या गोळ्यांवर सात हजारांत एक, नव्या गोळ्यांवर सात हजारांत दोन. घाबरून असंख्य बायकांनी गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे तेरा हजार गर्भपात जास्त झाले. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा अधिक असतो, हे कुणी ठळक अक्षरांत छापलं नव्हतं.

बातमी खोटी नव्हती. ‘कशाच्या दुप्पट?’ एवढं विचारायचं राहिलं.

‘मॅडम, टक्केवारी लिहिली की पुरे ना?’

‘नाही गं. आधी किती जणींना होत होतं, आता किती जणींना होतं, ते लिही. टक्का नंतर.’

[दृश्य: टेबलावर न उघडलेली पार्सलं. प्रसाधनांचे नमुने.]

मग पैशांचा विषय निघतोच. कंपन्या नमुने पाठवतात, जाहिराती देतात, आणि लेखही सुचवतात. तेही नवं नाही. ‘मिझ’ (Ms.) या अमेरिकेतल्या स्त्रीवादी मासिकाने १९९०मध्ये जाहिराती घेणंच बंद केलं. प्रसाधनांची जाहिरात हवी तर शेजारी प्रसाधनांचं कौतुक छापा, खाद्यपदार्थांची हवी तर पाककृती छापा, या कंपन्यांच्या मागणीला तिथल्या संपादक कंटाळल्या होत्या. प्रत्येकीला तसं जमत नाही. इथे जाहिराती घेतात, पण पैसे घेतलेल्या मजकुरावर ‘प्रायोजित’ हा शब्द मथळ्याच्या वर, मथळ्याएवढ्याच अक्षरांत. ‘सहकार्याने’, ‘सौजन्याने’ असले गुळगुळीत शब्द चालत नाहीत.

[दृश्य: पुन्हा लॅपटॉप. जुना लेख उघडलेला.]

हृदयविकारावरचा हा त्यांचा जुना लेख. त्यात लक्षण एकच होतं : छातीत कळ. एका वाचक बाईंनी कळवलं, ‘मला कळ आलीच नव्हती. मळमळत होतं, जबडा दुखत होता. मी अॅसिडिटीची गोळी घेऊन पडून राहिले.’

बायकांमध्येही छातीतलं दुखणं हेच सर्वाधिक आढळणारं लक्षण आहे. पण धाप लागणं, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, कारण नसताना आलेला थकवा, ही लक्षणं त्यांच्यात पुरुषांपेक्षा जास्त दिसतात. कधी छातीत न दुखताही.

लेख दुरुस्त झाला. काय चुकलं होतं, कधी बदललं, दोन्ही लिहिलं. तळाशी नाही, थेट मथळ्याखाली. पूर्वी तो वाचून गेलेली बाई परत आली, तर तिला आधी तेच दिसेल.