मिडल ब्लॉकरची दोन घड्याळं

नमस्कार श्रोतेहो.

व्हॉलीबॉलच्या सरावाला एखादा नवा खेळाडू येतो. इतरांपेक्षा चार बोटं उंच असतो. त्याला काही विचारायच्या आतच जाळीच्या मधोमध उभं केलं जातं आणि सांगितलं जातं, "तू मिडल." म्हणजे मधला ब्लॉकर. झालं शिक्षण! मग पुढे कित्येक आठवडे तो बिचारा दिसेल त्या चेंडूवर उडत राहतो, दमतो, आणि चेंडू मात्र त्याच्या शेजारून, डोक्यावरून किंवा बोटांना घासून निघून जातात. आजचं बोलणं त्या खेळाडूसाठी आहे. मुलगा असो की मुलगी, गोष्ट तीच.

उंची लागते, यात वाद नाही. पुरुषांच्या खेळात जाळीची वरची कड २.४३ मीटरवर असते, महिलांच्या खेळात २.२४ मीटरवर, आणि ब्लॉक करताना, म्हणजे समोरचा फटका जाळीवरच अडवताना, हात तिच्या वर पोचून पुरत नाहीत, ते पलीकडे जावे लागतात. पण नुसत्या उंचीवर मिडल होत नाही. या जागेची खरी अडचण वेळेची आहे. आपला संघ हल्ला करत असतो तेव्हा मिडलने चेंडूच्या आधी उडायचं असतं. समोरचा संघ हल्ला करतो तेव्हा त्याच खेळाडूने चेंडूच्या नंतर उडायचं असतं. एकाच माणसाच्या अंगात दोन घड्याळं, एक पुढे चालणारं आणि एक मागे. आणि एका रॅलीत ती तीन-चार वेळा बदलावी लागतात.

आधी मागे चालणारं घड्याळ पाहू, म्हणजे ब्लॉक. नवा खेळाडू इथेच जास्त अडखळतो.

तुम्ही जाळीसमोर मधोमध उभे आहात. गुडघे थोडे वाकलेले, हात खांद्याच्या उंचीवर, तळवे जाळीकडे. हात कमरेपाशी लोंबकळत ठेवले तर ते वर न्यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात चेंडू जाळी ओलांडून गेलेला असतो. आता नजर कुठे ठेवायची? नवा खेळाडू चेंडूकडे बघत राहतो. हे अगदी साहजिक आहे आणि अगदी चुकीचं आहे. पलीकडच्या संघाने सर्व्हिस उचलली, पास म्हणजे सेटरकडे जाणारा पहिला चेंडू निघाला, की तो पास कसा आहे एवढं पाहायचं. चांगला आहे की जाळीपासून लांब पडतोय? बस. लगेच नजर सेटरवर, म्हणजे हल्ल्यासाठी चेंडू वर टाकून देणाऱ्यावर. त्याचे खांदे, पाठीचा बाक, चेंडू हाताशी कुठे येतोय, ते बघायचं. चेंडू त्याच्या हातून सुटला की कुठे चाललाय ते पाहायचं, आणि तिथून नजर थेट हल्ला करणाऱ्यावर. चेंडू, सेटर, पुन्हा चेंडू, मग हिटर. हा क्रम इतका घोटावा लागतो की मनात म्हणायचीही गरज उरू नये.

पास वाईट असेल तर तुमचं काम हलकं होतं. सेटर जाळीपासून तीन-चार मीटर मागे ओढला गेला, तर मधून क्विक, म्हणजे जाळीलगतचा आखूड, झटपट चेंडू देणं त्याला जवळजवळ अशक्य असतं. म्हणजे चेंडू कडेला जाणार. पास उत्तम असला की मात्र सगळे दरवाजे उघडे असतात, आणि तेव्हा तुम्हाला ठरवावं लागतं. समोरच्या मिडलबरोबर उडायचं, की थांबून सेट, म्हणजे सेटरने टाकलेला चेंडू, कुठे जातो ते पाहायचं? पहिल्याला कमिट ब्लॉक म्हणतात, दुसऱ्याला रीड ब्लॉक. माझं मत विचाराल तर शिकणाऱ्याने पहिली काही वर्षं रीडच करावा. कमिटमध्ये अंदाज बरोबर आला तर मोठी वाहवा होते, चुकला तर तुम्ही हवेत आणि तुमच्या शेजारचा ब्लॉकर एकटा. अंदाज बांधायची चटक लवकर लागते आणि सुटता सुटत नाही.

थांबणं म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे, हे सांगायलाच हवं. मैदान नऊ मीटर रुंद आहे. मधून कडेच्या अँटेनापर्यंत, म्हणजे जाळीच्या कडेला उभ्या लावलेल्या काठीपर्यंत, साडेचार मीटर. बाजूचा ब्लॉकर आपली जागा धरून उभा असतो, तुम्हाला त्याच्या शेजारी पोचून मधली फट बुजवायची असते. ती सुद्धा सेट हवेत असेपर्यंत. उजवीकडे जायचं असेल तर उजवा पाय पहिला, मोठा. मग डावा पाय त्याच्या पुढून ओलांडून. मग उजवा पुन्हा, आणि डावा त्याच्याजवळ येता येता खांदे जाळीला समांतर. अंतर थोडं असेल तर बाजूला सरकत दोन पावलं पुरतात. हे घरी, चेंडूशिवाय, भिंतीसमोरही करता येतं, आणि करावंच. पहिलं पाऊल लहान पडलं की सगळं बिघडतं. खेळाडू पोचत नाही, मग पोचण्यासाठी तिरका उडतो, आणि हवेत वाहत जाऊन शेजाऱ्यावर आदळतो.

आणि उडायचं केव्हा? कडेच्या उंच सेटवर हिटर उडाल्यानंतर. नवख्याला हे पटत नाही, त्याला वाटतं आपण उशीर करतोय. पण हिटरला वर जाऊन हात मागे घेऊन चेंडू मारायला वेळ लागतो. तुम्हाला फक्त वर जायचंय. त्याच्याबरोबरच उडालात तर तो मारेल तेव्हा तुम्ही खाली यायला लागलेले असता. क्विकला मात्र ही सवलत नाही, तिथे जवळजवळ बरोबरच उठावं लागतं.

आता बसल्या जागी एक करून पाहा. दोन्ही हात डोक्यावर सरळ उचला, बोटं फाकवा, अंगठे वरच्या दिशेला. आता हात वर ताणायचे सोडून खांदे कानांकडे उचला आणि पुढे ढकला. हात किती पुढे गेले ते जाणवलं? जाळीपलीकडे जायचं ते असं. मनगटाने चेंडूला चापट मारायची नाही. हात घट्ट, तळवे मैदानाच्या मध्याकडे थोडे वळलेले, आणि दंडापासून जाळीपर्यंत फट नको, नाहीतर चेंडू तुमच्या आणि जाळीच्या मधून घरंगळत तुमच्याच अंगणात उतरतो. ब्लॉकमध्ये याहून चीड आणणारा गुण नाही.

नियमाचंही एक वाक्य लक्षात ठेवा. ब्लॉकला लागलेला चेंडू संघाच्या तीन स्पर्शांत मोजला जात नाही. तुमच्या बोटांना घासून चेंडू मागे गेला तरी संघाला पुरते तीन स्पर्श मिळतात, आणि त्यातला पहिला तुम्ही स्वतःही घेऊ शकता. म्हणून नुसता हात लागून वेग कमी झालेला चेंडू ही सुद्धा कमाई आहे. गुणपत्रिकेत ती दिसत नाही.

आता पुढे चालणारं घड्याळ.

आपल्या संघाने चेंडू उचलला. पास सेटरकडे निघाला आणि तुम्ही धावायला लागलात. सेटरच्या हातात चेंडू पोचतो त्या सुमारास तुमचे पाय जमीन सोडतात. म्हणजे सेट अजून झालेलाच नाही! तुम्ही हात मागे ओढून हवेत आहात आणि चेंडू तुमच्या हाताजवळ आणून देणं ही सेटरची जबाबदारी आहे. पहिल्यांदा हे करताना प्रत्येकाला भीती वाटते, कारण आजवर चेंडू बघून उडायचं शिकवलेलं असतं. उपाय एकच, सेटरबरोबर तासन्‌तास सराव. दोघांना एकमेकांची लय कळली की क्विक जमतो, तोवर नाही. पास लांब गेला की क्विक विसरा, पण धावणं विसरू नका.

हे हत्यार मुळात उंच माणसांचं नव्हतं, ही मला फार आवडणारी गोष्ट. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये यासुताका मात्सुदाइरा यांच्या जपानी पुरुष संघाने सुवर्णपदक मिळवलं, ते झटपट सेट आणि एकमेकांच्या मागून-पुढून धावणारे हल्लेखोर यांच्या जोरावर. समोरचा उंच ब्लॉक उभा राहायच्या आत चेंडू मारून मोकळं व्हायचं, ही त्यामागची युक्ती. आज ती प्रत्येक संघाची रोजची भाकरी झाली आहे. महिलांच्या खेळात तिचं आणखी एक देखणं रूप दिसतं, स्लाइड. मिडल सेटरच्या मागून कडेकडे पळत जाते आणि एका पायावर उडून मारते.

पण खरं सांगू? मिडलच्या बहुतेक उड्यांना चेंडू मिळतच नाही. तुम्ही जीव तोडून धावता, उडता, हात फिरवता, आणि सेटर चेंडू कडेला देऊन मोकळा होतो. काही खेळाडू यावर रुसतात. मग पुढच्या वेळी अर्ध्या मनाने धावतात, आणि समोरच्या मिडलला ते दिसतं. तो तुमच्यासाठी थांबायचं बंद करतो. तुम्ही मात्र दरवेळी सारख्याच जोराने गेलात, तर त्याला क्षणभर तुमच्याबरोबर अडकावंच लागतं आणि कडेच्या हिटरसमोर एकच ब्लॉकर उरतो. तो गुण हिटरच्या नावावर लागतो. चांगला सेटर अशा वेळी कुणाकडे बघून मान हलवतो, ते मैदानावरच्यांना ठाऊक असतं.

या दोन घड्याळांमध्ये जे घडतं ते सर्वांत थकवणारं. ब्लॉक करून खाली आलात, चेंडू तुमच्या संघाने मागे उचलला. आता वळून हल्ल्याच्या रेषेकडे, म्हणजे जाळीपासून तीन मीटर मागे पळायचं, वळायचं, आणि पुन्हा क्विकला धावायचं. तेही पास सेटरकडे पोचायच्या आत. जाळीपाशीच रेंगाळलात तर धावायला जागा उरत नाही.

उतरण्याबद्दल थोडं, पण कानात साठवा. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरा. जाळीखाली दुसऱ्याच्या पावलावर पाय पडून घोटा मुरगळणं ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे. नियमाप्रमाणे पावलाचा काही भाग मधल्या रेषेवर किंवा तिच्या वर हवेत असेल तर पलीकडे पाय गेल्याचा दोष धरत नाहीत, पण नियम घोट्याला वाचवत नाही. सरळ वर उडाल आणि सरळ खाली याल, तर आपोआप सुरक्षित राहाल.

मिडलला नुसता भिंत समजणाऱ्यांसाठी एक आठवण. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची पुरुषांची अंतिम लढत. ब्राझील दोन सेटनी पुढे. रशियाने आपला मिडल दिमित्री मुसेर्स्की याला मधून उचलून ऑपोझिटच्या, म्हणजे उजव्या कडेच्या हल्लेखोराच्या, जागी खेळवलं. उंची २.१८ मीटर. त्याने सामन्यात ३१ गुण केले आणि रशिया ३-२ ने जिंकला. उंचीचा चमत्कार, असं म्हणून सोडून देऊ नका. पूर्ण रन-अप घेऊन मारायची कला त्याच्याकडे होती, म्हणून ती जागा त्याला देता आली. तेव्हा तुम्ही मिडल असलात तरी कडेचे उंच चेंडू मारायचा सराव सोडू नका.

शेवटी बाकावरच्या वेळेबद्दल. लिबेरो हा फक्त मागच्या रांगेत बचाव करणारा खेळाडू १९९८ पासून आंतरराष्ट्रीय खेळात आला, आणि तेव्हापासून बहुतेक मिडल मागच्या रांगेत गेले की त्यांच्या जागी तो येतो. स्वतःची सर्व्हिस असेल तेवढी टाकायची, ती गेली की बाहेर. पुष्कळ खेळाडू हा वेळ पाणी पिण्यात आणि टाळ्या वाजवण्यात घालवतात. पाणी जरूर प्या. पण नजर पलीकडच्या सेटरवर ठेवा. पास जाळीपासून दूर पडला की तो कुणाला देतो? मागे सेट करताना त्याची पाठ आधी वाकते का? संघ अडचणीत असला की त्याचा आवडता हिटर कोण? तुमचा संघ फिरून तुम्हाला परत पुढच्या रांगेत आणेल, तेव्हा जाळीपलीकडे हाच माणूस उभा असणार आहे, आणि पहिलाच पास उत्तम असला तर विचार करायला वेळ मिळणार नाही.

नमस्कार.