थिकसेची सकाळ

नमस्कार, श्रोतेहो.

लडाखमधल्या थिकसे गोन्पाची, म्हणजे बौद्ध मठाची, आठवण मी आधी कानांनी सांगणार आहे. लेहहून पहाटे अंधारातच निघालो. सप्टेंबर महिना, बोटं आखडवणारी थंडी. मनालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर साधारण 19 किलोमीटर गेलं की टेकडीच्या अंगावर उतरत आलेली पांढरी घरं दिसतात. ही भिक्षूंची राहण्याची घरं आणि माथ्यावर तांबड्या-पिवळ्या भिंतींची मंदिरं. सगळं मिळून बारा मजले. खाली कापलेल्या सातूची शेतं आणि त्यापलीकडे सिंधू.

पायऱ्या चढताना दर वीस पावलांवर थांबावं लागलं. उंची सुमारे 3,600 मीटर. लेहला उतरल्यावर दोन दिवस नुसती विश्रांती घेतली होती, म्हणून निदान डोकं दुखलं नाही. तुम्ही जाणार असाल तर हे दोन दिवस कृपा करून वाचवू नका.

वर पोचलो आणि गच्चीवरून आवाज आला. दोन भिक्षू लांबलचक तुताऱ्या फुंकत होते. दुंगचेन म्हणतात त्यांना. आपली तुतारी उंच जाते, अंगावर शहारा आणते. हा स्वर मात्र खाली उतरत जातो, इतका खाली की तो कानांच्या आधी छातीला कळतो. समोरच्या डोंगरांवरून तो परत येईपर्यंत दुसरा श्वास भरलेला असतो.

मग सभागृहात पूजा. आम्ही बूट काढून भिंतीकडेला बसलो. भिक्षूंच्या रांगा, मधूनच ढोल आणि झांजा, शुक्पाच्या, म्हणजे जुनिपरच्या, धुराचा वास. शब्द एकही कळत नव्हता. पण सगळे एका लयीत म्हणत असताना एखादा श्वासासाठी थांबतो आणि बाकीचे त्याची ओळ उचलून धरतात, हे ओळखीचं होतं. पंढरीच्या वाटेवर हेच ऐकलंय मी. आठ-नऊ वर्षांचे छोटे भिक्षू जड किटल्या घेऊन चहा वाढत धावत होते. लोणी आणि मीठ घातलेला गुरगुर चहा. मोठे भिक्षू त्यात सातूचं पीठ कालवून खात होते. माझ्याही वाटीत चहा आला. पहिल्या घोटाला पातळ सूप वाटलं, दुसऱ्याला बरं वाटलं, तिसरा मी मागून घेतला.

एक मात्र मनाला लागलं. काही पर्यटक प्रार्थना करणाऱ्यांच्या तोंडापुढे मोबाइल धरून उभे होते. आपल्या देवघरात कुणी असं केलं तर आपण चालवून घेऊ का?

इथल्या स्थापनेची एक गोष्ट सांगतात. पंधराव्या शतकात जवळच पूजा चालू असताना कावळ्यांनी तोरमा, म्हणजे पिठाचा नैवेद्य, पळवला. शोधताना तो या टेकडीवर नीट ठेवलेला सापडला, म्हणून मठ इथे बांधला. पितरांसाठी कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट लगेच पटते.

शेवटी मैत्रेय मंदिर. 1970 मध्ये दलाई लामा इथे आले होते, त्या भेटीच्या स्मरणार्थ ही 15 मीटर उंच मूर्ती घडवली. ती दोन मजले व्यापते. आपण शिरतो वरच्या मजल्यावर, त्यामुळे एकदम समोर येतो तो चेहराच, मांडी घातलेले पाय खाली राहतात. मैत्रेय म्हणजे अजून यायचा असलेला बुद्ध. अजिंठ्याला सतराव्या लेण्याच्या दारावर सात बुद्धांच्या ओळीत आठवा बसलेला आहे, तो हाच. शाळेच्या सहलीत मला तो कुणी दाखवला नव्हता. लडाखमधून परत आल्यावर मुद्दाम जाऊन पाहिला.

उतरताना वाटेतले चोर्तेन, म्हणजे स्तूप, उजव्या हाताला ठेवून आम्ही चाललो, तशी रीतच आहे. वाटेत झाडणाऱ्या आजींना 'जुले', म्हणजे लडाखी नमस्कार, म्हटलं. त्यांनी झाडू काखेत धरून दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "जुले, जुले."