बांधावरचे डॅफोडिल

[दृश्य: पहाट. टेमर नदीवर धुकं. कॅलस्टॉकच्या उंच रेल्वेपुलावरून दोन डब्यांची गाडी हळू जाते.]

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला डेव्हन आणि कॉर्नवॉल यांच्या मधून टेमर नदी वाहते. समोर दिसतो तो पूल १९०८ साली सुरू झाला. तो झाला आणि या खोऱ्यातली फुलं पहाटे तोडून रेल्वेनं लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजारात जायला लागली. स्ट्रॉबेरी, चेरी आणि डॅफोडिल, म्हणजे कांद्यासारख्या कंदातून येणारं वसंतातलं फूल, ही इथली पिकं. दक्षिणेकडे तोंड असलेले हे चढ उबदार, त्यामुळे बाकीच्या देशाच्या आधी इथे माल तयार व्हायचा.

आमचं घर अशाच एका चढावर आहे. ऑक्टोबरमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा मागच्या बाजूला नुसतं गवत होतं, आणि कडेनं दगडमातीचा जुना बांध. आपल्याकडे शेताला असतो ना, तसाच, फक्त छातीइतका उंच आणि झुडपांनी भरलेला.

[दृश्य: फेब्रुवारी. बांधाच्या कुशीतून वर आलेली हिरवी पाती.]

फेब्रुवारीत त्या बांधातून पाती वर आली. गवतातूनही आली. मार्चअखेर मोजलं तर सात वेगळी बेटं होती. ही कुणी हौसेनं लावली असावीत असं आधी वाटलं. पण बांधाच्या दगडांत, काटेरी झुडपाच्या बुडाशी कोण फुलझाडं लावेल?

याचं उत्तर या खोऱ्यात कुणीही जुनं माणूस सांगेल. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं फुलांऐवजी अन्न पिकवायला लावलं. शेतकऱ्यांनी डॅफोडिलचे कांदे उपटले आणि बांधावर, ओढ्याकाठी फेकून दिले. ते तिथेच रुजले. नावं मात्र शेतातच राहिली, कारण फेकून दिलेल्या कांद्याला चिठ्ठी कोण बांधतो?

ती नावं परत शोधायची, असं मी त्या वसंतात ठरवलं. आता तिसरा वसंत आहे.

[दृश्य: हातात एक पिवळं फूल. शेजारी फूटपट्टी.]

डॅफोडिल ओळखायचं तर ते आधी मोजावं लागतं. मागे सहा पाकळ्या, पुढे मधोमध एक वाटी. सगळी ओळख या दोघांच्या प्रमाणावर उभी आहे. वाटी पाकळीइतकी लांब किंवा त्याहून लांब असली तर फूल पहिल्या गटातलं, म्हणजे कर्ण्याच्या आकाराचं. पाकळीच्या एक तृतीयांशाहून मोठी पण पाकळीपेक्षा लहान असेल तर दुसरा गट. एक तृतीयांश किंवा त्याहून लहान असेल तर तिसरा. असे एकूण १३ गट आहेत, आणि लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकाम-संस्थेच्या नोंदवहीत ३०,००० हून जास्त नावं आहेत. रंगांना इंग्रजी अक्षरं असतात. आधी पाकळीचा रंग, मग वाटीचा. ‘२ डब्ल्यू-पी’ म्हणजे दुसरा गट, पाकळ्या पांढऱ्या, वाटी गुलाबी.

हे फूल बघा. पाकळी ३८ मिलिमीटर, वाटी ४१. पहिला गट, सगळंच पिवळं. शेजारच्या काकांनी लांबूनच सांगितलं, ‘किंग आल्फ्रेड’. इकडे कुठल्याही मोठ्या पिवळ्या डॅफोडिलला हेच म्हणतात. खरा ‘किंग आल्फ्रेड’ १८९९ सालचा. त्यानंतर बाजारात त्याच्या नावाखाली दुसऱ्याच जाती इतक्या विकल्या गेल्या की नाव सगळ्यांच्या तोंडी आहे आणि फूल विरळ झालंय. म्हणून माझ्या वहीत या बेटापुढे मी ‘पिवळा कर्णा’ एवढंच लिहिलं. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा जागा रिकामी ठेवलेली बरी. चुकीचं नाव एकदा चिकटलं की खऱ्याचा शोधच थांबतो.

[दृश्य: बांधाच्या सावलीत हिरवट, विस्कटलेलं दुहेरी (जास्तीच्या पाकळ्यांचं) फूल.]

हे बांधातलं फूल सगळ्यांत आधी उमललं. पहिल्या वर्षी मला ते रोगट वाटलं होतं. पाकळ्या फाटल्यासारख्या, अर्धं पिवळं, अर्धं हिरवं. मी ते उपटायला निघाले होते. हात थांबला तो केवळ पाऊस आला म्हणून.

ते ‘व्हॅन सायन’ निघालं. लंडनमध्ये थेम्सच्या काठी व्हिन्सेंट सायन नावाचा एक फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचा, माणूस राहायचा. त्यानं हा कांदा कित्येक वर्षं जपला आणि १६२० मध्ये त्याला फूल आलं. जॉन पार्किन्सन या वनस्पतिशास्त्रज्ञानं हे त्याच काळात लिहून ठेवलंय. अशी दुहेरी फुलं कांद्याच्या बाजूला फुटणाऱ्या पिल्लांवरच वाढवतात. आणि पिल्लू म्हणजे संतती नव्हे, ते तेच झाड असतं. म्हणजे १६२० मध्ये सायननं जे बघितलं, तेच झाड आज माझ्या बांधात आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधीपासून हे एकच झाड हातोहात जिवंत राहिलंय. हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ तिथे उकिडवी बसून होते.

हिरवेपणा हा रोग नाही. तो या जातीचा स्वभावच आहे, थंडीत जास्त दिसतो. फोटोवरून ओळखायला गेलं की इथेच फसायला होतं, कारण पुस्तकात नेमकं सर्वांत नीटनेटकं फूल छापलेलं असतं.

[दृश्य: एप्रिल. फिकट पिवळ्या पाकळ्या, लहान वाटी, काठाला केशरी रेघ.]

हे बेट गवतात आहे. पाकळी ३६ मिलिमीटर, वाटी जेमतेम ११. तिसरा गट. पाकळ्या किंचित पिळलेल्या, वाटीच्या काठाला केशरी रेघ. ‘बॅरी कॉन्स्पिक्युअस’ असावं. विल्यम बॅकहाउस या डरहॅमच्या बँकरनं काढलेली ही जात एकेकाळी फुलबाजारात फार चालायची. ‘असावं’ म्हणते, कारण केशरी रेघ उन्हानं लवकर उडते. फूल उमलल्या सकाळी पाहिलं नाही तर पुरावाच गेला. या बेटासाठी मी १० दिवस रोज सकाळी सातला पायात गमबूट घालून उभी होते.

[दृश्य: मे. ओल्या गवतात वाकलेल्या कळ्या.]

आणि आता हे. सगळ्यांत शेवटी येणारं.

पहिल्या वर्षी याच्या कळ्या फुगल्या, पण उमलण्याआधीच कागदासारख्या वाळल्या. एकही उघडली नाही. दुसऱ्या वर्षी मात्र चूक माझी होती. आदल्या वर्षी मी जूनऐवजी मेमध्येच गवत कापलं होतं, पात्यांसकट. फुलं गेल्यावर निदान सहा आठवडे पाती राहू द्यावी लागतात, कारण पुढच्या वर्षीचं फूल ती पाती कांद्यात भरत असतात. त्यामुळे दुसऱ्या वर्षी कळीच धरली नाही.

यंदा एप्रिल पावसाळी गेला. तरीही मी रोज संध्याकाळी झारीनं पाणी घातलं. त्याच सुमारास आई वाईहून आली होती. एका सकाळी ती चहाचा कप घेऊन मागे गेली आणि तिथूनच हाक मारली.

“अगं, लवकर ये! तुझ्याकडे अनंत फुललाय!”

[दृश्य: जवळून. पांढरंशुभ्र, भरगच्च दुहेरी फूल. पाकळ्यांवर दव.]

वाईच्या घरी विहिरीपाशी अनंताचं झाड आहे. आई फुलाजवळ वाकली, वास घेतला, आणि म्हणाली, “वास अगदी तसा नाही. पण रूप तेच.” मी धावत घरात जाऊन वही आणली. कारण या फुलाचं एक जुनं इंग्रजी नाव आहे, त्याचा अर्थच ‘अनंताच्या फुलासारखा नार्सिसस’ असा होतो, आणि नार्सिसस म्हणजे डॅफोडिलचंच शास्त्रीय नाव. मी तीन वर्षं जे पुस्तकांत शोधत होते, ते आईनं चहा गार होण्याआधी सांगून टाकलं.

याला इकडे ‘डबल व्हाइट’ म्हणतात. टेमर खोऱ्याचं हे खास पीक. मे महिन्यात, बाकी सगळे डॅफोडिल संपल्यावर, याच्या जुड्या या खोऱ्यातल्या स्टेशनांवरून लंडनला जायच्या. कोरड्या, उष्ण वसंतात याच्या कळ्या वाळतात हीसुद्धा त्याची ओळखच आहे. म्हणजे पहिल्या वर्षीच्या त्या वाळक्या कळ्या मला नाव सांगत होत्या. मला ते ऐकू आलं नव्हतं.

आई परत जाताना विचारत होती, एक कांदा नेऊ का. वाईला हा फुलणार नाही, त्याला इकडच्या हिवाळ्यासारखी थंडी लागते. आणि घरात कुणी चुकून स्वयंपाकाच्या कांद्यात ठेवला तर भलतंच, तो विषारी असतो. तिनं फुलाचा फोटो नेला.

[दृश्य: बांधाच्या टोकाला पाटीचा तुकडा, त्यावर खडूनं ‘७’.]

राहिलं सातव्या नंबरचं बेट. एकच फूल आलं. पाकळ्या पांढऱ्या, वाटी जर्दाळूच्या रंगाची.

विल्यम बॅकहाउस यांच्या सुनेनं, सारा बॅकहाउस यांनी, गुलाबी वाटीचा डॅफोडिल काढला. सासरे १८६९ मध्येच वारले होते, पण काम घरात चालू राहिलं. ‘मिसेस आर. ओ. बॅकहाउस’ हे त्या फुलाचं नाव. आता ते इतकं दुर्मीळ झालंय की २०२५ च्या सुरुवातीला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं लोकांना आपापल्या बागेत ते शोधायचं आवाहन केलं. या फुलाची वाटी उमलताना जर्दाळूसारखी असते आणि काही दिवसांनी गुलाबी होते.

मी रोज एक फोटो काढत होते. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. चौथ्या दिवशी दुपारी गारा पडल्या आणि देठ मोडला. तीन फोटोंमध्ये वाटी जर्दाळूचीच आहे.

म्हणून पाटीवर अजून नाव नाही, फक्त आकडा आहे. भोवतीचं गवत मी जुलैपर्यंत कापणार नाही. आणि पुढच्या मार्चमध्ये त्या कळीवर, उमलण्याआधी, एक काचेची बरणी उपडी ठेवीन.