पिकअपची मजबुती, भरवसा आणि खरी किंमत

मित्रहो, समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या दारात किंवा भावकीत एक तरी पिकअप उभी आहे, त्यामुळे पिकअप म्हणजे काय हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही. टोमॅटो नारायणगावला, कांदा लासलगावला आणि भाजी वाशीला पोहोचते ती याच गाडीवर. मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. आजची पिकअप जुन्या पिकअपपेक्षा कच्ची नाही. परंतु ती कोणत्या प्रकारच्या धावण्यासाठी बनली आहे, हे विकणारा घेणाऱ्याला सांगत नाही, आणि त्या न सांगण्याचा भुर्दंड शेतकऱ्याला बसतो. शेवटी हप्त्याचा आणि किलोमीटरचा हिशेब मांडण्याचे मी कबूल केले आहे, तोही मांडतो.

आधी पत्र्याविषयी बोलू, कारण शोरूममध्ये शिरलेला प्रत्येक माणूस पहिल्यांदा मडगार्ड अंगठ्याने दाबून पाहतो आणि ‘पूर्वीचा पत्रा राहिला नाही’ असे म्हणतो. ज्यांनी १९८८ ची टाटामोबाइल २०६ आणि पुढची २०७ चालवली, त्यांचे हे म्हणणे मी समजू शकतो. पण अंगठ्याने गाडीची मजबुती कळत नाही. वजन पेलते ती खालची चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, मागची पाट्यांची कमान म्हणजे स्प्रिंग आणि एक्सल. आजच्या चासीत जास्त ताकदीचे पोलाद वापरतात, म्हणून जाडी कमी असली तरी ती दुबळी असेलच असे नाही. चासीला खरा धोका आपल्याकडून होतो. नवी गाडी घरी येते आणि आठवडाभरात कमानीत जादा पाटे टाकायला जाते. पाटे वाढले की हौदा खाली बसत नाही, म्हणून गाडी पेलते आहे असे वाटते; प्रत्यक्षात जो दणका कमानीने गिळायचा, तो चासीच्या जोडांना आणि एक्सलला जातो. दीड टन क्षमतेच्या गाडीत २० किलो टोमॅटोचा क्रेट मोकळ्या क्रेटच्या वजनासह धरला, तर सत्तरच्या आतच क्रेट बसतात. हौद्यावर लोखंडी जाळी चढवली असेल तर आणखी कमी. बाजारात किती क्रेटच्या थप्प्या उभ्या असतात हे तुम्ही रोज पाहता. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. तो एखाद्या वेळी चुकवता येईल, पण चासीला गेलेली चीर चुकवता येत नाही.

कोकणातून मासळी आणणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की बर्फाच्या पेट्यांतून गळणारे खारे पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर, ब्रेकच्या नळ्यांवर आणि वायरिंगच्या अर्थिंगवर उतरते. प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा. मात्र जोराचा फवारा वायरिंगच्या जोडांवर मारू नका.

आता भरवशाचा मुद्दा, ज्यासाठी मी मुख्यतः उभा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुरावरचे भारत स्टेज-६ हे मानक लागू झाले. डिझेलमधले गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ आला, म्हणजे काजळी अडवणारी सिरॅमिकची गाळणी. हा बदल आवश्यकच होता. जुन्या गाडीमागे दुचाकीवर लहान मूल घेऊन जाणाऱ्या माणसाने जो धूर गिळला आहे, तो आठवला तर याबद्दल कोणी तक्रार करू नये. पण गाळणी म्हटली की ती भरणार. अडकलेली काजळी जाळण्यासाठी धुराचे तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावे लागते. हमरस्त्यावर भार घेऊन सलग पंधरा-वीस मिनिटे गाडी चालली की हे काम होते. तापमान कमी पडले तर गाडीतला संगणक जादा डिझेल सोडून ते वाढवतो. गाडी रोज चार-सहा किलोमीटर जाऊन बंद होत असेल, तर हे जाळण्याचे काम दर वेळी अर्धवट राहते. जाळण्यासाठी सोडलेल्या डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. पातळ ऑइलावर टर्बोचे, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याचे, बेअरिंग फार काळ टिकत नाही.

ओतूरकडच्या एका तरुण शेतकऱ्याची गाडी मी स्वतः पाहिली आहे. सकाळी शेतातून जवळच्या बाजारात, तिथे रांगेत इंजिन चालू ठेवून तासन्‌तास पुढे सरकत राहायचे, क्रेट उतरवून परत. हंगामभर हेच काम. डॅशबोर्डवर गाळणी भरत आल्याचे सांगणारा एक लहान पिवळा दिवा लागत होता. गाडी ओढत होती, म्हणून त्याने तो मनावर घेतला नाही, आणि घ्यावा असे त्याला कोणी सांगितलेही नव्हते. एका रात्री वाशीचा माल भरून निघाल्यावर माळशेजच्या अलीकडे गाडीने ओढ सोडली आणि वेग चाळिसाच्या वर जाईना. इंजिन वाचवण्यासाठी संगणकानेच ताकद कमी केली होती. दुसरी गाडी बोलावून अंधारात क्रेट हलवले, तोवर बाजाराची वेळ टळली आणि पिकलेला माल पडत्या भावात द्यावा लागला. सर्व्हिस सेंटरने गाळणी काढावी लागेल असे सांगितले आणि वॉरंटीचा दावा ‘वापरातील चूक’ असे लिहून नाकारला. मी बॉनेट उघडून ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक ओढली, तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होते, पाण्यासारखे ओघळत होते आणि त्याला डिझेलचा स्पष्ट वास येत होता. तो मुलगा म्हणाला, ‘सर, मी दर पंधरा दिवसांनी बघत होतो. ऑइल कमीच होत नव्हतं, म्हणून मला वाटलं इंजिन चांगलं आहे.’

या वाक्याचा मला फार राग येतो, आणि तो राग त्या मुलावर नाही. गाडी ताब्यात देताना पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन कुटुंबाचा फोटो काढतात, नारळ फोडतात, हार घालतात. त्या सोहळ्याला अर्धा तास मिळतो. ‘रोज किती लांब जाणार आणि रांगेत किती वेळ उभे राहणार’ हा प्रश्न विचारायला मात्र दोन मिनिटे मिळत नाहीत. माहितीपुस्तिका इंग्रजीत होती आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतच होती. पिवळा दिवा लागला तर गाडी हमरस्त्यावर काढून इंजिन बंद न करता वीस मिनिटे चालवा, ऑइलची पातळी वाढताना दिसली तर ताबडतोब ऑइल बदला, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या कमी राखेच्या ऑइलाऐवजी कोपऱ्यावरच्या दुकानातले कोणतेही ऑइल टाकू नका, कारण ऑइलची राख गाळणीत साचली की ती जळत नाही. एवढा मजकूर मराठीत एका कागदावर मावतो. तो कागद प्रत्येक गाडीसोबत मिळालाच पाहिजे, आणि तो दिलेला नसेल तर ‘वापरातील चूक’ म्हणण्याचा अधिकार कोणालाही असू नये.

वेळ थोडा राहिला आहे, म्हणून हिशेब भराभर मांडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे किमती उतरल्या. मात्र नोंदणीकृत व्यापाऱ्याला हा कर वजा करून मिळू शकतो, नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याला मिळत नाही. ८ लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण १७,००० येतो आणि एकूण परतफेड १० लाख २० हजारांच्या आसपास जाते. व्याज ‘फ्लॅट ८ टक्के’, म्हणजे हप्ते फिटत गेले तरी शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर, सांगितले तर ते स्वस्त समजू नका; तो हप्ता १८,६६७ होतो आणि खरा दर १४ टक्क्यांच्या घरात जातो.

आता किलोमीटर पाहा. वर्षाला २५,००० किलोमीटर चालवणाऱ्याला नुसता १७,००० चा हप्ता किलोमीटरमागे आठ रुपयांहून थोडा जास्त पडतो. लिटरला ९० रुपये आणि १२ किलोमीटर धरले, तर डिझेल साडेसात रुपयांचे. म्हणजे ज्या मायलेजवरून आपण शोरूममध्ये वाद घालतो, त्याच्यापेक्षा हप्ता मोठा आहे. तीच गाडी वर्षाला १२,००० किलोमीटरच चालली, तर हप्ता किलोमीटरमागे १७ रुपये होतो. अशा माणसाने हंगामात भाड्याची गाडी लावलेली बरी. विमा, टायर आणि पासिंग यात धरलेले नाही. पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी करावे लागते. गाडीचे मालासह एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, हेही गाडी निवडताना पाहा.

ज्यांची धाव लांबची आणि सलग आहे, त्यांनी डिझेल निःशंक घ्यावे. ज्यांचे काम गाव ते बाजार एवढेच आहे, त्यांनी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी आधी पाहावी. वजन थोडे कमी नेता येईल, पण डिझेलची ही गाळणी तिच्यात नाही. जुनी बीएस-४ घेणार असाल तर रंग पाहू नका, गाडीखाली आडवे होऊन चासीच्या जोडांजवळ वेल्डिंगचे ठिगळ आहे का ते पाहा. आयोजकांची चिठ्ठी आली आहे. ज्यांनी कर्जाचे कागद सोबत आणले आहेत त्यांनी थांबावे, प्रत्येकाचा खरा व्याजदर आपण इथेच काढून पाहू.