फॉर्मवर सही करण्याआधी प्लॅनचा हिशोब मांडा

नमस्कार श्रोतेहो.

उसाचं बिल खात्यावर जमा झालं, की एक फोन हमखास येतो. पाव्हण्यांचा, जुन्या वर्गमित्राचा, नाहीतर भिशीतल्या वहिनींचा. "एक कामाचं बोलायचं हाय, फोनवर नगं, समक्ष या." मग एखाद्या हॉलमध्ये दोन तासांची मीटिंग होते, पडद्यावर गाड्यांचे आणि परदेशी सहलींचे फोटो दिसतात आणि शेवटी हातात माणसं जोडून माल विकणाऱ्या कंपनीचा सभासद होण्याचा फॉर्म येतो. त्या फॉर्मवर सही करण्याआधी काय तपासायचं, ते आज बघू.

पहिली खूण त्या फोनमध्येच आहे. दुकानाऐवजी माणसांमार्फत माल विकणाऱ्या कंपन्यांसाठीचे ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम २८ डिसेंबर २०२१ रोजी लागू झाले. त्यांनुसार विक्रेत्यानं बोलायला सुरुवात करतानाच स्वतःची ओळख, कंपनीचं नाव, वस्तू कोणती आणि भेटीचा हेतू काय, हे खरंखरं सांगायचं असतं. त्याच्याकडे ओळखपत्र हवं, आणि आधी विचारल्याशिवाय घरी यायचं नाही. म्हणजे कंपनीचं नाव विचारल्यावर "आधी या तर खरं" असं उत्तर आलं, तर पहिल्याच पायरीवर नियम मोडलेला आहे. तिथंच थांबलात तरी चालेल.

घरोघरी वस्तू विकणं आणि त्यावर कमिशन मिळवणं पूर्ण कायदेशीर आहे. प्रश्न एवढाच, की कमिशनचा पैसा येतो कुठून? वापरण्यासाठी वस्तू विकत घेणाऱ्या बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून येत असेल तर तो धंदा. नवीन येणाऱ्या सभासदाच्या खिशातून येत असेल तर ती पैसा फिरवण्याची योजना, आणि तिच्यावर १९७८ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. म्हणून मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारा: "उद्यापासून मी एकही माणूस जोडला नाही, नुसता माल विकला, तर महिन्याला मला किती मिळतील?" उत्तर आकड्यात मागा. "तुमच्या स्वप्नावर आहे" हे उत्तर धरू नका.

आकडा मिळाला की हिशोब करा. समजा मालावर वीस टक्के सुटतात आणि तुम्हाला महिन्याला १२,००० रुपये हवेत. मग ६०,००० रुपयांचा माल खपायला हवा. एक घर महिन्याला ६०० रुपयांचा माल घेतं असं धरलं, तर शंभर घरं लागतील, आणि तीही दर महिन्याला. आता त्याच प्रकारची टूथपेस्ट, तोच डबा कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या दुकानात कितीला मिळतो ते वजनासकट बघून या. दुप्पट-तिप्पट फरक असेल, तर ती शंभर घरं दुसऱ्या महिन्यात तुमचा फोन उचलणार नाहीत. माल घेणारे सगळे सभासदच असतील आणि बाहेरचं गिऱ्हाईक एकही नसेल, तर ती वस्तू फक्त पावतीपुरती आहे.

आता त्या 'जोडी'च्या गणिताकडे येऊ. माणसं फसतात ती इथंच. प्लॅन साधा वाटतो: तुमच्या खाली दोघं, एक डावीकडे, एक उजवीकडे, त्यांच्या खाली प्रत्येकी दोघं. डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक मिळून एक जोडी, आणि पैसे जोडीमागे. वहीत मांडा. एक, दोन, चार, आठ, सोळा. कोणत्याही टप्प्यावर थांबा आणि मोजा: सगळ्यात खालच्या ओळीतली माणसं वरच्या सगळ्या ओळींच्या बेरजेपेक्षा एकानं जास्त निघतात. वर एक, दोन, चार मिळून सात, खाली आठ. म्हणजे साखळी कितीही लांबली तरी निम्म्याहून जास्त माणसांच्या खाली कुणीच नसतं. त्यांच्या वरच्या ओळीतल्यांकडे, म्हणजे साधारण पाव माणसांकडे, एकच जोडी असते. जोडीला हजार रुपये आणि सभासद होताना घ्यावं लागणारं वस्तूंचं किट ८,५०० रुपयांचं, असं धरलं तर चारातली निदान तीन माणसं तोट्यात. कुणी आळशी असल्यामुळं हे होत नाही, मांडणीच तशी आहे. शिवाय प्रत्येक वेळी दुप्पट करत गेलात, तर बाविसाव्या दुपटीला आकडा ४१,९४,३०४ होतो. २०११ च्या जनगणनेत आख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती, पाळण्यातली पोरं धरून. महिन्याला एक ओळ भरली, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा संपतो.

प्रत्यक्षात साखळी इतकी समान भरतही नाही. एक बाजू वरचा माणूस भरून देतो, तिला 'पॉवर लेग' म्हणतात, आणि "बघा, तुमच्या खाली शंभर माणसं आली" असं सांगतो. दुसरी बाजू तुम्ही भरायची. तिथं तीनच आली, तर पैसे तीन जोड्यांचेच. उरलेल्या ९७ जणांचं काय? काही प्लॅनमध्ये ती संख्या पुढच्या महिन्यात धरतात, काहींत महिनाअखेर शून्य होते, त्याला 'फ्लश' म्हणतात. दिवसाला किती जोड्यांचे पैसे द्यायचे यालाही मर्यादा असते, ते 'कॅपिंग'. हे दोन शब्द विचारून त्यांची उत्तरं लेखी घ्या. आणखी एक अट बारीक अक्षरात असते: दर महिन्याला ठराविक रकमेचा माल घेतला तरच तुम्ही 'ॲक्टिव्ह'. ती १,५०० रुपये असेल, तर वर्षाचे १८,००० रुपये खर्चात आधी लिहा. सेमिनारचं तिकीट, पेट्रोल, चहापाणी यांचा खर्च त्याहून वेगळा.

भरतीबद्दल बक्षिसी देणं किंवा प्रवेश फी घेणं थेट विक्रीत चालत नाही. म्हणून तीच रक्कम किटच्या किमतीत बसवतात. किटमधल्या वस्तूंची बाजारभावानं बेरीज करा. ८,५०० च्या किटमध्ये २,५०० चा माल निघाला, तर उरलेले ६,००० रुपये वरच्या साखळीत वाटले जाणार, हे उघड आहे. "तीन माणसं आणा, तुमचे पैसे वसूल" अशा आश्वासनावर गिऱ्हाइकाला माल घ्यायला लावणंही २०२१ च्या नियमांत मना आहे.

कागदपत्रं दाखवतात तेव्हा दबून जाऊ नका. कंपनी नोंदणीचा दाखला, पॅन, जीएसटी नंबर यांवरून एवढंच कळतं, की कंपनी नोंदलेली आहे. प्लॅन कुणी तपासला, असा त्याचा अर्थ होत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव घाला: स्थापना कधीची, संचालक कोण, शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा. दोन-तीन वर्षं ताळेबंदच नसेल तर पुढं जाऊ नका. खाण्याची पावडर असेल तर डब्यावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर बघा. "शुगर कायमची जाते" असं कुणी सांगत असेल, तर तशा जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. कमाईचा पुरावा म्हणून मोबाइलवरचा स्क्रीनशॉट धरू नका. मोठ्या कमिशनवर कंपनी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापते आणि तो आयकराच्या साइटवर त्या माणसाच्या खात्यात दिसतो. तो दाखवा म्हणावं. वस्तूच नसेल आणि महिन्याला ठराविक टक्के देतो म्हणत असतील, तर ती ठेव गोळा करणं झालं. तिथं २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आणि राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा लागतो. त्या कंपनीला ठेवी घ्यायची परवानगी आहे का, ते रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर आधी पाहून घ्या.

एक गोष्ट मात्र फार कमी जणांना माहीत असते, आणि तिची काळजी वाटते. १९७८ च्या कायद्यात फक्त योजना चालवणाराच गुन्हेगार ठरतो असं नाही. सभासद होणं, भाग घेणं, तिच्यासाठी पैसे घेणं किंवा पाठवणं हाही गुन्हा आहे. मेहुण्याला, मावशीला तुम्ही जोडलंत, पैसे तुमच्या यूपीआयवरून गेले, तर चौकशीत तुमचंही नाव येतं. गावात भावकीला तोंड दाखवायची पंचाईत होते ती आणखी वेगळी.

आधीच पैसे भरले असतील, तर आजपासून नवा माणूस जोडणं थांबवा. करार काढून त्यात 'कूलिंग ऑफ'ची मुदत बघा. त्या मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येतं. उरलेल्या वस्तूंचं सील फोडू नका, परत घेण्याचं धोरण लेखी मागा आणि अर्ज स्पीड पोस्टनं पाठवून पावती जपा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ कामकाजी तासांत पोच द्यायला हवी आणि साधारण महिन्यात निकाल. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जायला हवं. पैसा फिरवण्याचा संशय असेल तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

वरचा माणूस तुम्हाला सांगेल, "तक्रार केलीस तर सगळ्यांचे पैसे अडकतील, थोडं थांब." थांबण्यानं खात्यातला पैसा मात्र हलत राहतो, आणि खाती गोठवायची तर ती रिकामी होण्याआधीच गोठवावी लागतात. मीटिंगचे मेसेज, ग्रुपमधल्या ऑडिओ क्लिपा, पैसे भरल्याच्या नोंदी आजच दुसऱ्या मोबाइलवर काढून ठेवा. तक्रारीची कुणकुण लागली, की पहिल्यांदा ग्रुप बंद होतो.