'इंडियन' म्हणजे नक्की कुठलं? ॲरिझोना-न्यू मेक्सिकोतली खरेदी

नमस्कार मंडळी! आधी ही अंगठी बघा. (बोट कॅमेऱ्याजवळ) निळा खडा, त्यात काळ्या रेघा, बाजूला नक्षी. फिनिक्सला राहायला आले त्या पहिल्याच महिन्यात हायवेवरच्या एका दुकानातून घेतली. बाहेर हा मोठा फलक, 'इंडियन ज्वेलरी, 50 टक्के सूट'. इथे 'इंडियन' म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, नेटिव्ह अमेरिकन, असंच मी धरून चालले. दोन महिने भांडी घासली आणि खडा पांढरा पडला, बोट हिरवं झालं. मग चष्मा लावून आतल्या बाजूची बारीक अक्षरं वाचली. 'मेड इन इंडिया'. म्हणजे दुकानदार खोटं बोलला असंही म्हणता येईना!

तर आज बोलूया इथल्या खरेदीबद्दल. मुलांकडे आलेले आईबाबा ग्रँड कॅन्यन, सेडोना, सांता फे अशी फेरी मारतात आणि येताना पिशवीभर काहीतरी घेऊन येतात. त्यातलं किती इथलं असतं, हा प्रश्न आहे.

अमेरिकेत यासाठी कायदाच आहे, 1990 चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्ट. मान्यताप्राप्त जमातीच्या माणसाने, किंवा जमातीने अधिकृत ठरवलेल्या कारागिराने न केलेली वस्तू 'नेटिव्ह अमेरिकन' म्हणून विकली, तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुसता कागदावरचा कायदा नाही हा. फिलिपिन्समध्ये बनवलेले दागिने इथले म्हणून विकल्याबद्दल 2018 मध्ये अल्बुकर्कीच्या एका व्यापाऱ्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली.

म्हणून फलकावरचे शब्द नीट वाचा. 'नेटिव्ह स्टाइल', 'साउथवेस्ट डिझाइन', 'इंडियन इन्स्पायर्ड' असं लिहिलं असेल तर दुकानदाराने स्वतःला वाचवलंय, तुम्हाला नाही. सरळ विचारा, कोणी बनवलं? कुठल्या जमातीचा कारागीर? बिलावर लिहून द्याल का? खरा विक्रेता या प्रश्नावर खुलतो, अर्धा तास बोलतो. दुसरा लगेच डिस्काउंट वाढवतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली जागा म्हणजे सांता फेचा 'पोर्टल', म्हणजे ओसरी. चौकाच्या एका अंगाला 'पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स' ही सतराव्या शतकातली मातीची बैठी इमारत आहे. तिच्या लांबलचक ओसरीत प्युब्लो, नवाहो अशा जमातींचे कारागीर भिंतीला टेकून बसतात, समोर चादर आणि चादरीवर माल. रोज सकाळी जागांसाठी चिठ्ठ्या निघतात. आणि नियम कडक, आपण किंवा आपल्या घरच्याने केलेलीच वस्तू विकायची. माझी आई तिथे फतकल मारून बसली आणि म्हणाली, "विचार गं हिला, दोन घेतल्या तर किती लावशील?" मी तेवढं भाषांतर केलंच नाही. ज्या हातांनी वस्तू केली तेच हात समोर असताना घासाघीस मला तरी जमत नाही.

आता दागिने. निळा खडा म्हणजे पिरोजा, टर्कॉइज. तांब्यामुळे तो निळा होतो, लोह असेल तर हिरव्याकडे झुकतो. बराचसा पिरोजा मुळात खडूसारखा ठिसूळ, म्हणून त्यात राळ भरून तो टणक करतात. त्याला 'स्टॅबिलाइज्ड' म्हणतात आणि सांगून विकला तर त्यात काही फसवणूक नाही. फसवणूक आहे ती हाउलाइटमध्ये. हाउलाइट म्हणजे पांढरा दगड, करड्या शिरांचा, निळ्या रंगात बुडवलेला. 'ब्लॉक' त्याहून वाईट, त्यात दगडच नाही, नुसतं प्लास्टिक. आणि कोणी 'स्लीपिंग ब्यूटी' म्हणून निरभ्र आकाशी खडा दाखवला तर लक्षात ठेवा, ॲरिझोनातल्या ग्लोबजवळच्या त्या खाणीतून पिरोजा काढणं 2012 मध्येच बंद झालं. जुना साठा फिरतो, पण स्वस्तात नाही. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदी नसते हे तुम्हाला माहीतच आहे, इथेही तेच. चांदीवर 925 किंवा 'स्टर्लिंग' आणि कारागिराचा शिक्का शोधा.

ढोबळ ओळख सांगते. जाड चांदीत एकच मोठा खडा असेल तर बहुधा नवाहो. छोट्या-छोट्या खड्यांची बारीक जडणघडण असेल तर झुनी. खडा नाहीच, चांदीचे दोन थर, वरचा कापून नक्षी काढलेली आणि खालचा काळवलेला, ते होपी काम.

(मागे रग उलगडून) आणि हे माझं वेड. आपण पैठणीचा पदर उलटून बघतो की नाही? नवाहो रगही उलटा, दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. तंत्र एकाच कुळातलं, प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आपल्या जागेपुरताच जातो आणि परत फिरतो. फरक मागाचा. नवाहो माग उभा असतो आणि ताणा, म्हणजे उभे धागे, एकाच अखंड धाग्याचा, वर-खाली, वर-खाली. कापायला टोकच नाही, म्हणून सहसा झालरही नाही. दोन टोकांना झालर दिसली, किंवा धागे दुमडून आत खोचलेले हाताला लागले, तर तो रग बहुतेक मेक्सिकोतल्या ओआहाकाकडचा. तिथले विणकर उत्तम आहेत हो, नाव चुकीचं लावलं तर तक्रार. किनारीच्या नवाहो रगात कधीकधी कोपऱ्याजवळ एक बारीक रेघ नक्षीतून थेट कडेपर्यंत जाते. दोष समजून परत देऊ नका. विणणारीचं मन रगात अडकून राहू नये म्हणून तिने मुद्दाम ठेवलेली ती वाट आहे.

रग बघायला नवाहो नेशनमध्ये, म्हणजे नवाहो जमातीच्या स्वतःच्या प्रदेशात, गॅनाडोच्या हबेल ट्रेडिंग पोस्टला जा. 1878 पासूनचं दुकान, आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ, पण विक्री चालू आहे. लाकडी फळ्या पायाखाली करकरतात. एक मात्र सांभाळा. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो नेशन करतं. आम्ही फिनिक्सच्या वेळेने निवांत निघालो आणि दार बंद होताना पोहोचलो.

मातीची भांडी. न्यू मेक्सिकोतल्या सॅन इल्डेफोन्सो या प्युब्लो गावच्या मारिया मार्टिनेझ आणि त्यांचे पती हुलियन यांनी 1919 च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी घडवली. तो काळा रंग रोगणाचा नाही. भट्टी ऐन भरात असताना वर वाळलेल्या शेणाचा चुरा टाकून जाळ कोंडायचा, त्या धुरात माती काळी होते. आजही तसंच करतात. भांडं घेताना आत हात घाला. वळ्या रचून केलेल्याला आत किंचित उंचसखलपणा लागतो, साच्यातलं अगदी गुळगुळीत. आणि त्यात पाणी ठेवू नका, झिरपतं.

बाकी पटकन. ड्रीमकॅचर इथला नाहीच, तो मूळचा ग्रेट लेक्सकडच्या ओजिब्वे लोकांचा. गरुडाचं पीस लावलेली वस्तू कोणी दिली तरी घेऊ नका, कायद्याने गुन्हा आहे. होपी गावांत फोटो काढू नका, तिथे मनाई आहे. आणि विमानतळावरचं बासरी वाजवणाऱ्या कोकोपेलीचं कीचेन घ्यायचं तर खुशाल घ्या, ऑफिसात वाटायला ठीक आहे. मीही घेते.

आईने शेवटी एकच भांडं घेतलं, मुठीएवढं, काळं. विकणाऱ्या बाईंनी चारदा बजावलं, पाणी नको. आता ते साताऱ्याला देवघरात आहे, आई त्यात वाती ठेवते.

तुमच्याकडे असा एखादा खडा असेल तर आतल्या बाजूचा फोटो कमेंटमध्ये टाका. अक्षरं आधी वाचून घ्या. चला, भेटू पुढच्या व्हिडिओत.